रायफलीची नळी साफ करण्याची रीत : नव्या परवानाधारकांसाठी

आमच्या भागात पीक संरक्षणासाठी घेतलेली रायफल वर्षातून फार थोड्या वेळा चालते. तुरीला शेंगा धरल्या, हरभरा घाट्यावर आला, की दोन-तीन महिने जागल असते. त्यातही बहुतेक रात्री हाकारे, बॅटरी आणि फटाके यांवरच निभावते, आणि रानडुकरावर गोळी झाडायची म्हटली तर शस्त्र परवान्याखेरीज वनविभागाची परवानगीही लागते. वर्षाकाठी दहा-वीस काडतुसे वापरली गेली तरी पुष्कळ झाली. एवढ्या वापराने पोलादी नळी झिजत नाही. तरीही जुन्या घरातली रायफल उजेडाकडे धरून आतून पाहिली, तर चकाकीऐवजी करडे डाग आणि गंजाने पडलेले बारीक खड्डे अनेकदा दिसतात. ते गोळीने पाडलेले नसतात. गोळी गेल्यावर नळीत जे उरले आणि ज्याला पुढे आषाढ-श्रावणाचा ओलावा मिळाला, त्याने पाडलेले असतात. नळीच्या तोंडाची कड मात्र एकाच बाजूने घासलेली दिसली, तर तो साफ करणाऱ्याच्या हाताचा पराक्रम समजावा.

न साफ केल्याने जेवढ्या नळ्या वाया गेल्या, जवळपास तेवढ्याच अति उत्साहाने आणि वाकड्या गजाने साफ केल्याने गेल्या असाव्यात, असे माझे मत आहे. म्हणून इथे साधने आणि रीत जितक्या तपशिलाने सांगितली आहे, तितक्याच तपशिलाने काय करू नये तेही सांगितले आहे. ही रीत प्रामुख्याने बोल्टच्या (मागचा सरकता दांडा ओढून काडतूस भरायच्या) रायफलीसाठी, म्हणजे आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या ०.३१५ आणि ०.२२ बोरसाठी आहे; बोर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचे माप, इथे इंचांत. बारा बोर (छऱ्यांची बंदूक) आणि ठासणीच्या, म्हणजे तोंडातून बार भरायच्या, बंदुकीचा उल्लेख ओघात येईल.

आधी रिकामी, मग साफ

‘बंदूक साफ करताना गोळी सुटली’ ही बातमी वर्तमानपत्रांत अधूनमधून येतच असते, आणि प्रत्येक वेळी त्या बंदुकीत काडतूस असल्याचे हाताळणाऱ्याच्या ध्यानात नसते. म्हणून चिंधी हाती घेण्यापूर्वी रायफलीचे तोंड निर्धोक दिशेला करावे, बोट चापापासून दूर ठेवावे, मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढावे आणि बोल्ट पूर्ण मागे ओढून काडतूस बसण्याची जागा, म्हणजे चेंबर, डोळ्यांनी पाहावे. संध्याकाळच्या मंद उजेडात डोळा फसतो. अशा वेळी करंगळीच्या टोकाने चाचपून जागा रिकामी असल्याची खात्री करावी. त्यानंतर बोल्ट रायफलीतून बाहेर काढून बाजूला ठेवावा. तो कसा निघतो हे रायफलीसोबत आलेल्या माहितीपत्रकात दिलेले असते. ते हरवले असेल तर ज्या दुकानातून रायफल घेतली तिथे एकदा समोर करून दाखवायला सांगावे, जोर लावून शिकू नये.

काडतुसे त्या खोलीतच नसावीत. ती दुसऱ्या खोलीत, कुलपात ठेवून मगच कामाला बसावे. हे काम दिवसा, अंगणात किंवा ओसरीवर, मोकळ्या हवेत करावे; चुलीजवळ किंवा देवघरात निरांजन तेवत असताना करू नये, कारण साफ करण्याची बहुतेक द्रव्ये पेट घेणारी असतात. लेकरांना जवळ बसवू नये, कारण चिंध्यांवर शिसे असते आणि लहान मुले हात तोंडात घालतात.

ठासणीच्या बंदुकीत मागून पाहण्याची सोयच नसते. तिच्यासाठी जुन्या लोकांची युक्ती उत्तम आहे. बंदूक नक्की रिकामी असताना गज तोंडातून तळापर्यंत घालावा आणि तोंडाच्या कडेशी गजावर खूण करून ठेवावी. पुढे कधीही साफ करायला घेताना निपलवर, म्हणजे घोडा जिथे आदळतो त्या बोंडावर, ठिणगी पाडणारी टोपी नसल्याचे आधी पाहावे, मग चेहरा आणि अंग बाजूला ठेवून गज घालावा. खूण कडेच्या वर राहिली, तर आत बार भरलेला आहे असे समजून तिथेच थांबावे आणि परवानाधारक कारागिराकडे जावे.

नळीत नेमके काय साचते

०.३१५ ची नळी ८ मिलिमीटरची, ०.२२ ची सुमारे ५.६ मिलिमीटरची. तिच्या आत पिळाच्या खाचा असतात, ज्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते, आणि या खाचा जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या खोल असतात. एवढ्या उथळ खाचांत काही साचले किंवा त्यांची कड बोथट झाली, तर नेमात फरक पडणारच.

साचणाऱ्या गोष्टी चार. पहिली दारूची काजळी. ती काळी, मऊ, आणि सहज निघणारी. दुसरी शिसे, ०.२२ च्या गोळ्या बहुधा उघड्या शिशाच्या असतात, त्यामुळे त्या नळीत राखाडी पापुद्रे चिकटतात. तिसरी तांबे, ०.३१५ सारख्या वेगवान गोळीवर तांब्याच्या मिश्रधातूचे वेष्टन असते आणि त्याचा पातळ थर खाचांच्या उंचवट्यांवर बसतो. बारा बोरच्या नळीत यांच्या जोडीला प्लास्टिकच्या वॅडचा (छरे आणि दारू यांच्यामधल्या बुचाचा) चिकट थरही सापडतो.

चौथी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, आणि नळीचा खरा घात तीच करते. काडतुसाच्या बुडाशी जी टोपी असते, तिच्या जुन्या प्रकारच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असते. ते जळाल्यावर पोटॅशियम क्लोराइड हा क्षार उरतो, जो आपल्या स्वयंपाकातल्या मिठाचा सख्खा भाऊ आहे. श्रावणात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, तसेच या क्षारालाही सुटते, फरक इतकाच की ते पाणी पोलादावर सुटते. हा क्षार तेलात विरघळत नाही, रॉकेलमध्येही विरघळत नाही. तो फक्त पाण्यात विरघळतो. ‘मी तर गोळी झाडल्यावर लगेच भरपूर तेल लावले होते, तरी गंज कसा आला’ या नेहमीच्या तक्रारीचे उत्तर इथे आहे. तेल क्षाराच्या वर बसले आणि क्षार खाली आपले काम करीत राहिला. काडतुसाच्या खोक्यावर टोपी गंज न आणणारी असल्याचा स्पष्ट उल्लेख नसेल, विशेषतः काडतुसे जुन्या साठ्यातली असतील, तर क्षार आहे असे धरून चालावे. ठासणीच्या बंदुकीत काळी दारू वापरतात. तिची राख तर याहून अधिक ओलावा ओढते.

साधने

सर्वांत महत्त्वाचे साधन गज. तो अखंड, सरळ, नळीपेक्षा वीतभर लांब आणि बोरपेक्षा बारीक असावा. त्याची मूठ फिरती असावी, म्हणजे चिंधी पिळाच्या खाचांबरोबर स्वतःहून वळते; मूठ घट्ट असेल तर चिंधी खाचांवरून नुसती घसरत जाते आणि खाचेचा तळ तसाच राहतो. पोलादी किंवा प्लास्टिकचे वेष्टन असलेला गज चांगला. तीन तुकड्यांचा, आट्यांनी जोडायचा ॲल्युमिनियमचा गज स्वस्त मिळतो, पण तो मध्येच लवतो, त्याचे सांधे नळीला घासतात आणि मऊ धातूत धुळीचे कण रुतून बसतात. तोच घेणे भाग असेल तर दर खेपेला तो पुसून घ्यावा. बांबूची कामटी, तुरकाठी किंवा छत्रीची जुनी दांडी यांचा उपयोग करू नये. कामटीचा कूस नळीत मोडला, तर तो काढण्यात अख्खा दिवस जातो.

कॉलेजात असताना एनसीसीत आम्हांला गजाऐवजी दोरीच मिळत असे, जिला इंग्रजीत पुल-थ्रू म्हणतात आणि उस्तादांच्या तोंडी ती ‘फुलतरू’ असे. एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या बाजूला चिंधी अडकवायला फासे. वजन चेंबरमधून नळीत सोडायचे आणि ते तोंडातून बाहेर आले की दोरी ओढायची. कोरड्या सफाईसाठी फ्लॅनेलची चिंधी ४ इंच बाय २ इंच, तेल लावण्यासाठी त्याहून अरुंद. हे माप उस्ताद इतके घोकून घेत की आजही चिंधी फाडताना हात आपोआप तेवढीच फाडतो. ही दोरी शेतावर न्यायला सोयीची आहे. मात्र ती नळीच्या रेषेत सरळ ओढावी. तिरकी ओढली की धुळीने भरलेली दोरी कानशीसारखी चालते आणि तोंडाच्या कडेला घळ पाडते. दोरी कुठे विरली असेल तर ती फेकून द्यावी. चिंधीसकट ती नळीत तुटली तर पुढचा प्रसंग कठीण असतो.

गजाच्या टोकाला लावायच्या तीन वस्तू घ्याव्यात : चिंधी पुढे रेटणारा टोकदार पितळी जॅग, बोरच्या मापाचा ब्राँझचा ब्रश आणि एक नायलॉनचा ब्रश. पोलादी तारेचा ब्रश नळीत कधीही घालू नये. चिंध्यांसाठी विकतचे काही लागत नाही. जुने सुती धोतर किंवा बनियन धुऊन, वाळवून, कापून ठेवले की वर्षाची सोय होते. टेरिकॉट मात्र काहीच शोषत नाही. ०.२२ साठी साधारण अडीच सेंटिमीटरचा चौकोन, ०.३१५ साठी चार सेंटिमीटरचा. पण खरे माप हाताला कळते. चिंधी घट्ट जावी, पण तळहाताने ठोकावी लागू नये.

नळी साफ करण्याचे सॉल्व्हंट, म्हणजे मळ विरघळवणारे द्रव, आणि बंदुकीचे तेल शस्त्रांच्या परवानाधारक दुकानात मिळते. तालुक्याला ते मिळत नसल्याने लोक घरातले काहीतरी वापरतात, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर सांगतो. रॉकेलने काजळी सुटते, त्यामुळे अडीनडीला ते चालते, पण ते क्षार काढत नाही आणि पोलादाला संरक्षणही देत नाही. ते वापरल्यास शेवटी तेल लावणे चुकवू नये. शिलाई मशीनचे तेल हे हलके खनिज तेल आहे. ते चालते, फक्त लवकर उडते, म्हणून महिन्याने पुन्हा लावावे. खोबरेल लावू नये. ते हवेने हळूहळू चिकट होते, आणि डिसेंबरच्या थंडीत बाटलीत गोठते तसेच बोल्टमध्येही गोठते. तीळ, जवस, सोयाबीन ही तेले तर वाळून रोगणासारखा थर धरतात. जवसाचे तेल लाकडी दस्त्याला चांगले, नळीला वाईट. ट्रॅक्टरचे जळके ऑइल अनेकांना फुकटची सोय वाटते, परंतु त्यात आम्लता आणि धातूचा चुरा असतो, आणि नेमके हेच दोन नळीत नको असतात.

गज नळीच्या मधोमध राहावा म्हणून बोल्टच्या जागी बसणारी एक पोकळ नळकांडी मिळते, तिला बोअर गाइड म्हणतात. महाग नाही, आणि माझ्या मते ब्रशच्या आधी ती घ्यावी.

प्रत्यक्ष सफाई

रायफल बाजेवर किंवा टेबलावर, पुढे-मागे धान्याची अर्धी भरलेली एकेक पिशवी ठेवून आडवी ठेवावी. तोंडाकडची बाजू किंचित खाली असावी, म्हणजे सॉल्व्हंट मागे वाहून चापाच्या यंत्रणेत आणि दस्त्याच्या लाकडात शिरत नाही. गज मागून, म्हणजे चेंबरच्या बाजूने घालावा. बोल्टच्या रायफलीचा हा मोठा फायदा आहे आणि तो सोडू नये. नळीच्या तोंडाची गोल कड ही गोळीला शेवटचा स्पर्श करणारी जागा असते. ती एका बाजूने घासली गेली की बाकीची नळी कितीही चांगली असली तरी गोळी भरकटते. ज्या बंदुकीत मागून गज जातच नाही, तिथे तोंडावर पितळी किंवा प्लास्टिकची टोपी बसवून तिच्या भोकातून गज घालावा.

पहिली चिंधी सॉल्व्हंटमध्ये भिजवून एका दमात आरपार ढकलावी. तोंडातून बाहेर आलेली चिंधी गळून पडू द्यावी किंवा काढून टाकावी. मळलेली चिंधी पुन्हा नळीतून मागे ओढणे म्हणजे झाडलेला केर घरात पसरणे. अशा दोन-तीन ओल्या चिंध्या झाल्या की सुटी काजळी निघून जाते. जॅग नळीच्या बाहेर साधारण किती यायला हवा, हे एकदा पाहून गजाच्या मुठीजवळ चिकटपट्टीची खूण करावी, म्हणजे दर वेळी गज भिंतीवर किंवा जमिनीवर आदळत नाही.

नंतर ब्राँझचा ब्रश. त्यावर सॉल्व्हंटचे थेंब बाटलीतून टाकावेत, ब्रश बाटलीत बुडवू नये, नाहीतर सगळी बाटली पहिल्याच दिवशी काळी होते. ब्रश पूर्ण आरपार जाऊ द्यावा, तोंडाबाहेर आल्यावरच मागे घ्यावा. नळीच्या मध्येच दिशा बदलली तर केस उलटे वळतात, ब्रश अडकतो आणि तो सोडवण्याच्या धडपडीत गज वाकतो. ब्रश बाहेरून परत आत येताना तोंडाच्या कडेला धडकू नये म्हणून त्या क्षणी हात सावकाश चालवावा. अशा आठ-दहा खेपा पुरेत. ०.२२ ला तर इतक्याही लागत नाहीत. तिला बहुधा चिंध्यांवरच भागते.

ब्रश झाला की दहा मिनिटे थांबावे. या वेळात बोल्टकडे पाहावे. बोल्टच्या तोंडावर आणि काडतूस ओढणाऱ्या आकड्याखाली काजळी घट्ट बसलेली असते. ती जुन्या टूथब्रशने काढावी. तिथे तेलाचे बोट पुसल्याइतकाच अंश ठेवावा. टोपीवर आदळणाऱ्या सुईच्या भोकात तेल ओतणे हा नव्या माणसाचा आवडता उद्योग आहे. त्या तेलात धूळ जमते, आणि ऐन वेळी सुई टोपीवर नीट बसत नाही.

दहा मिनिटांनी कोरड्या चिंध्या घालाव्यात. पहिली काळी येईल, दुसरी करडी, तिसरी-चौथी फिकट. हा रंग वाचायला शिकावे. काळा रंग काजळीचा, राखाडी चमकणारे कण शिशाचे, तपकिरी रंग गंजाचा आणि निळसर-हिरवा तांब्याचा. तांब्याच्या बाबतीत एक फसगत होते. ब्राँझच्या ब्रशमध्येही तांबे असते, त्यामुळे सॉल्व्हंटने ब्रशच विरघळून चिंधी निळी येते आणि माणूस नसलेले तांबे तासभर काढत बसतो. म्हणून तांबे काढण्याचे अमोनियायुक्त सॉल्व्हंट वापरायचे असेल तेव्हा नायलॉनचा ब्रश घ्यावा. असे सॉल्व्हंट पंधरा मिनिटांहून अधिक नळीत ठेवू नये, रात्रभर तर मुळीच नाही, आणि त्याचा वास डोक्यात जातो म्हणून दार-खिडकी उघडी असावी. वर्षाला दहा-वीस गोळ्या झाडणाऱ्याला हा खटाटोप वर्षातून एकदा पुरतो.

शेवटची चिंधी बगळ्यासारखी पांढरी आलीच पाहिजे, हा हट्ट धरू नये. फिकट करडी आली की थांबावे. त्यापुढची प्रत्येक खेप मळ काढण्यापेक्षा नळी घासण्याचेच काम अधिक करते.

चेंबर वेगळे पुसावे. ते नळीपेक्षा रुंद असल्यामुळे नळीच्या मापाची चिंधी त्याच्या भिंतीला लागतच नाही, आणि तिथे सॉल्व्हंटचे डबके तसेच राहते. गजावर मोठी चिंधी गुंडाळून चेंबरमध्ये दोन-चार वेळा फिरवली की काम होते. मग एका स्वच्छ चिंधीवर तेलाचे चार-पाच थेंब टाकून ती नळीतून एकदाच आरपार न्यावी. तेल दिसावे लागत नाही. नळी बोटाला निसरडी लागली, एवढे पुरे. नळीचे बाहेरचे अंगही त्याच चिंधीने पुसावे, कारण घामट हाताचे ठसे दोन दिवसांत गंजून उमटतात.

क्षाराच्या काडतुसांनंतर पाणी

बंदुकीत पाणी ओतायचे म्हटले की घरातले वडीलधारे हबकतात, परंतु क्षार काढण्याचा दुसरा सरळ मार्ग नाही. गोळी झाडली त्याच दिवशी, नेहमीच्या सफाईच्या आधी, बोल्ट काढून रायफल तोंड खाली करून उभी धरावी, चेंबरमध्ये रबरी नळी जोडलेले नरसाळे बसवावे आणि लिटरभर उकळते पाणी सावकाश सोडावे. नळी एवढी तापते की हात लावता येत नाही, म्हणून कापडाने धरावे. हे तापणेच उपयोगाचे असते, कारण धातू तापल्यामुळे आतले पाणी लवकर उडून जाते. पाणी लाकडी दस्ता आणि नळी यांच्या फटीत जाऊ देऊ नये. लगेच तीन-चार कोरड्या चिंध्या फिरवाव्यात आणि मग वर सांगितलेली सफाई करून तेल लावावे. दुसऱ्या दिवशी एक कोरडी चिंधी पुन्हा घालून पाहावी; ती तपकिरी आली तर सगळे पुन्हा करावे. नरसाळे मात्र स्वतंत्र ठेवावे, स्वयंपाकघरात परत देऊ नये.

ठासणीच्या बंदुकीला हेच पाणी थोडे साबण घालून द्यावे लागते, आणि तिथे उद्यावर ढकलून चालत नाही.

अडकलेली चिंधी

चिंधी जाड झाली आणि मध्येच रुतली, तर गजावर हातोडी मारू नये. ज्या बाजूने ती आत गेली, त्याच्या उलट बाजूने थोडे तेल सोडावे, तासभर थांबावे आणि मग त्या बाजूने गजाने मागे रेटावे. दोन प्रयत्नांत निघाली नाही तर परवाना सोबत घेऊन परवानाधारक दुरुस्ती कारागिराकडे जावे. ‘एक गोळी झाडली की निघून जाईल’ असा सल्ला देणारा कोणीतरी जवळपास असतोच. अडथळा असलेल्या नळीत गोळी झाडली तर नळी फुगते किंवा फाटते, आणि ती जिथे फाटते तिथून झाडणाऱ्याचा डावा हात फार दूर नसतो.

पावसाळा, निवडणूक आणि खंडेनवमी

आपल्याकडे रायफलीला तीन प्रसंग जड जातात. पहिला पावसाळा. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत, गोळी झाडली नसली तरी, दर पंधरा दिवसांनी एक कोरडी आणि एक तेलाची चिंधी फिरवावी. रायफल मातीच्या भिंतीला टेकवून ठेवू नये, कारण भिंत ओल धरते. हिवाळ्यात जागलीवरून पहाटे आणलेली गार रायफल उबदार घरात आली की तिच्यावर आत-बाहेर दव धरते. ती लगेच पेटीत न ठेवता तासभर उघडी ठेवावी आणि मग पुसावी.

दुसरा प्रसंग निवडणुकीचा. जिल्हा प्रशासनाचा आदेश निघाला की शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करून पावती घ्यावी लागते आणि ते दोन-दोन महिने तिथेच राहते. २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका एकाच वर्षात आल्या. एप्रिलमधल्या मतदानाआधी मी माझी ०.३१५ घाईघाईत जमा केली. आदल्या महिन्यात दोन गोळ्या झाडलेल्या, नळी न पुसलेली, वरून वडिलांच्या वेळची चामड्याची खोळ. ती घरी आली तेव्हा मृगाचा पाऊस सुरू झाला होता. पहिलीच चिंधी तंबाखूच्या पिकासारखी तपकिरी आली, आणि चेंबरपुढे चार बोटांवर जो खरखरीतपणा तेव्हा हाताला लागला, तो आजही लागतो. दोष कोणाचा नव्हता, माझाच होता. चामडे ओलावा धरते आणि ते कमावताना वापरलेले क्षारही त्यात राहतात, म्हणून खोळ ही फक्त ने-आण करण्यापुरती असते. विधानसभेच्या वेळी नळी साफ करून, नेहमीपेक्षा थोडे जाड तेल लावून, साध्या सुती कापडात गुंडाळून दिली आणि चापाच्या कडीला चिठ्ठी बांधली : ‘नळीत तेल आहे, पुसल्याशिवाय वापरू नये.’ ती जशी दिली तशी परत आली.

खंडेनवमीला शस्त्रांची पूजा होते, आणि ती व्हावीच. पण ओले हळद-कुंकू पोलादावर दोन दिवस राहिले तर त्याखाली निळाई (पोलादावर चढवलेला निळसर-काळा थर) जाऊन डाग उठतो. कुंकू दस्त्याच्या लाकडाला लावावे आणि आरती झाली की धातूचा भाग पुसून घ्यावा. आमच्याकडे नळीच्या तोंडात झेंडूचे फूल खोचण्याची हौस आहे. ते फूल सुकून पाकळ्या आत पडतात, आणि घरातल्या कोणाच्याच ते लक्षात राहत नाही.

ठेवताना रायफल तोंड खाली करून ठेवली तर तेल दस्त्याच्या लाकडात उतरत नाही. तोंडाखाली लाकडी फळी असावी, फरशी नको. पेटीत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि त्या दर महिन्याला बदलाव्यात. काम संपल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय पाण्याच्या तांब्यालाही हात लावू नये, आणि मळलेल्या चिंध्या मोकळ्या जागी नेऊन टाकाव्यात.

वापरण्यापूर्वी

तेल लावलेल्या नळीतून थेट गोळी झाडू नये. नळीतले जास्तीचे तेल दाब वाढवते, आणि चेंबर तेलकट असेल तर काडतूस भिंतीला पकड घेत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो. म्हणून वापरण्याच्या दिवशी एक-दोन कोरड्या चिंध्या नळीतून आणि एक चेंबरमधून फिरवावी. स्वच्छ, गार नळीची पहिली गोळी नेहमीच्या जागेपासून थोडी हलून लागू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

त्यानंतर बोल्ट काढलेलाच असताना मागून नळीत पाहावे. तोंडापाशी पांढरा कागद धरला की पुरेसा उजेड आत येतो. नळी आरपार गोल दिसली पाहिजे. उन्हाळ्यात कोपऱ्यात उभ्या असलेल्या रायफलीच्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर बांधते. ती भोक शोधतच फिरत असते आणि एका दिवसात ते लिंपून टाकते. बाहेरून काही दिसत नाही, नळी मात्र बूच मारल्यासारखी बंद असते. अशी माती कोरडी असताना रेटू नये, तिच्यात वाळूचे कण असतात आणि ते खाचा ओरबाडतात. थोडे पाणी सोडून ती भिजू द्यावी, चिखल झाल्यावर मागून पुढे ढकलून काढावी, नळी पाण्याने धुऊन कोरडी करावी आणि पहिल्या चिंधीपासून सगळी सफाई पुन्हा करावी.